नमुना क्रमांक चार

बाटलीसाहेबांचं एक म्हणणं होतं, आणि ते म्हणणं ते कुणालाही, कधीही, न विचारता सांगत. "सूप माझ्या नाकाखाली धरा. आत काय आहे ते सांगेनच, पण आचाऱ्याचं घरी भांडण झालं होतं का, तेही सांगेन."

बाटलीसाहेब म्हणून काही भलतं समजू नका. माणसाने आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. पाणी खात्याच्या प्रयोगशाळेत त्यांनी तेहतीस वर्षं नमुने गोळा केले. छोटी बाटली, वर चिठ्ठी, चिठ्ठीवर क्रमांक, वार, वेळ, रंग आणि सही. निवृत्त झाल्यावर खातं सुटलं, बाटल्या सुटल्या नाहीत. आता ते गावातल्या खाणावळींचे नमुने घेत.

सरकारी काम नव्हे हं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाला नकोही होतं. पण बाहेर जेवायला गेलं की साहेब आधी पेला उलटा करून बघत. मग झाकण उचलून हुंगत. मग खिशातून बाटली काढून दोन चमचे सूप तिच्यात घेत आणि ती उजेडात उभी करून ठेवत. गाळ खाली बसायला दहा मिनिटं लागतात. तोवर कुणी चमचा उचलायचा नाही, असा नियम होता. तेव्हा पस्तीस वर्षांच्या संसारात बायकोने बाहेर एकदाही गरम सूप प्यायलं नव्हतं.

येत्या रविवारी बायकोला साठ पूर्ण होत होती. आदल्या रविवारी भांडी पुसता पुसता ती म्हणाली, "मला त्या दिवशी बाहेर जेवायचंय."

"जाऊ की."

"हुंगायचं नाही. बाटली काढायची नाही. गाळबीळ काही नाही. समोर येईल ते गरम गरम खायचं, माणसांसारखं."

"आणि समजा..."

"समजा काढलीत बाटली, तर सोमवारच्या पहिल्या गाडीने मी बहिणीकडे. महिनाभर."

साहेबांना स्वयंपाकातलं फक्त पाणी उकळता येत होतं. तेही ते वीस मिनिटं उकळत. महिनाभराचं चित्र डोळ्यांपुढे आलं आणि ते ताबडतोब कबूल झाले. बायकोला जरा नवलच वाटलं, इतक्या चटकन हा माणूस हो म्हणाला कसा. म्हणणारच. त्यांच्या डोक्यात बेत तयार होता. रविवारी तपासायचं नाही ना? ठीक. सोमवार ते शनिवार तपासू. सहा दिवस, सहा खाणावळी, जी पास होईल तिथे रविवारी बायकोला न्यायचं आणि साधूसारखं बसायचं. फक्त तिला कळू द्यायचं नाही, कारण कळलं तर म्हणेल, हीच का तुमची कबुली.

सोमवारी "पेन्शनच्या कामाला जातो" असं सांगून ते निघाले. पहिल्या ठिकाणी वेटर फार अदबीने वागला. एवढी अदब कुणी उगाच करत नाही, हे साहेबांना पक्कं ठाऊक होतं. नमुना क्रमांक एक, नापास.

येताना वाटेत किराणा दुकान लागलं. हे दुकान अजब होतं. पुढे तांदूळ-साबण, पण मागच्या फळीवर कुठकुठून आलेला, कुणी न मागवलेला माल. तिथे ब्रश आणि छोट्या घुंगरांच्या मध्ये एक काळपट हिरव्या लगद्याची काचेची बरणी दिसली. वर सोनेरी अक्षरं, पण लिपी अशी की उलटी धरली काय आणि सुलटी धरली काय.

"हे काय आहे हो?" साहेबांनी विचारलं.

"मलाही माहीत नाही," दुकानदार म्हणाला. "एका खोक्यात चुकून आलं. पण नेणारे पुन्हा नेतात."

"खायला कसं लागतं, विचारलं नाहीत?"

"लोकांच्या घरात आपण कशाला डोकवायचं?"

साहेबांना वाटलं, बायकोला भेट द्यायला याहून बरं काय? साठ वर्षांत तिने चाखली नसेल अशी वस्तू. त्यांनी दोन बरण्या घेतल्या. एक भेटीसाठी, आणि एक आधी स्वतःवर तपासायला. अनोळखी माल थेट बायकोच्या पानात वाढायला ते काही वेडे नव्हते.

मग रोज दुपारी दोन चमचे लगदा खायचा, मनगटावर बोटं ठेवायची आणि घड्याळाकडे बघत बसायचं, असं सुरू झालं. सगळी नोंद वहीत. वही गादीखाली. बाटल्या फ्रिजच्या तळाशी, भाजीच्या मागे.

याच सुमारास जिन्याखालचा बोका त्यांच्या मागे लागला. हा बोका आजवर कुणाकडे ढुंकूनही बघत नसे. आता साहेब उतरले की तो उतरे, साहेब चढले की चढे, आणि दारात बसून त्यांच्या तोंडाकडे एकटक बघे. साहेबांनी त्याच्यावरही लक्ष ठेवायला सुरुवात केली.

मंगळवारची खाणावळ नापास झाली. कपाटाएवढं स्वयंपाकघर आणि यादीत एकशे चाळीस पदार्थ, त्यात शिजणार फार तर दहा, मग उरलेले एकशे तीस येतात कुठून? बुधवारची तर तीन सुपं मागवूनही नापास झाली.

बुधवारी संध्याकाळी घरी आले, तर बायकोने त्यांच्या पाठीशी उशी ठेवली. साहेब दचकले. ते म्हणाले, "आज भूक नाही गं." भूक कशी असेल? दुपारी तीन प्रकारची सुपं पोटात गेली होती. रोज यावर चांगली अर्ध्या तासाची बोलणी बसत. पण बायको एवढंच म्हणाली, "बरं. तुम्ही म्हणाल तसं."

तुम्ही म्हणाल तसं! लग्नाला पस्तीस वर्षं झाली, हे वाक्य या घरात कधी ऐकू आलं नव्हतं. साहेबांनी चहाचा कप हळूच नाकाशी नेऊन हुंगला. चहा बरोबर होता. मग बायकोचं काय बिनसलंय?

गुरुवारी ते चौथ्या ठिकाणी गेले. बसस्थानकाच्या मागे, पाचच टेबलं. मालक स्वतःच आचारी. बारा वर्षं जहाजांवर स्वयंपाक करून आलेला, हाताचे पंजे परातीएवढे. त्याने पिवळंधमक सूप आणून ठेवलं. साहेबांनी पेला उलटा केला. स्वच्छ. हुंगलं. छान. बाटलीत घेतलं, गाळ बसू दिला, पण दोष काही सापडेना. दोष सापडत नाही म्हटल्यावर तर त्यांना फारच संशय आला. दुसरी वाटी मागवली, तीही चांगली निघाली. मालक मात्र दारातून बाटलीकडे बघत उभा होता, आणि त्याचा चेहरा काही बरा दिसत नव्हता.

साहेबांनी नाइलाजाने चिठ्ठी लिहिली. "नमुना ४. गुरुवार, दुपारी १.१०. रंग पिवळा, किंचित गढूळ." आणि रविवारचं टेबल सांगून ठेवलं.

घरी मेहुणा येऊन बसला होता. बायकोचा धाकटा भाऊ. एरवी तो सणासुदीलाही बोलावल्याशिवाय फिरकत नसे.

"भाऊजी, कसं वाटतंय?"

"कशाचं?"

"असंच. एकंदर." मेहुणा खाली बघून म्हणाला. "केसांना काय चमक आलीय हो तुमच्या."

यावर बायको एकदम भिंतीकडे वळली. जरा वेळाने मेहुण्याने विचारलं, "घराची कागदपत्रं वगैरे कुठे असतात, भाऊजी? ताईला माहीत आहे ना?"

आता साहेबांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बायको गोड वागते, भाऊ कागदपत्रं विचारतो. दोघा भावंडांचा घरावर डोळा आहे! शुक्रवारी फ्रिज उघडला, तर चौथी बाटली गायब. म्हणजे पुरावाही पळवला. शुक्रवारची आणि शनिवारची खाणावळ त्यांनी उरकली, पण मन लागलं नाही, दोन्ही नापास करून मोकळे झाले. कागदपत्रं मात्र त्यांनी तांदळाच्या डब्यात हलवली.

रविवार उजाडला. बसस्थानकामागच्या खाणावळीत कोपऱ्यातलं टेबल, बायको नव्या साडीत आणि शेजारी मेहुणा. त्याला कुणी बोलावलं, हे साहेबांनी विचारलं नाही. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. पेला सरळ होता आणि खिशात बाटली नव्हती.

बायकोने त्यांच्याकडे बघितलं आणि तिचे डोळे भरून आले.

"मला सगळं कळलंय," ती म्हणाली.

साहेबांनी विचारलं, "कधी?"

"बुधवारी. गादी उचलली तर वही सापडली."

"रागावलीस?"

"रागवायचं काय त्यात? माणसाच्या हातात असतं का ते?"

पस्तीस वर्षांत आपला स्वभाव हिला आज पहिल्यांदा कळला, असं साहेबांना वाटलं. आणि आपण या बाईवर घराचा आळ घेतला. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"नसतं गं हातात," ते म्हणाले.

"किती ठिकाणी गेलात?"

"सहा."

"सहा? आणि काय म्हणाले?"

"पाच ठिकाणी काही अर्थ नव्हता. इथेच काय ती आशा वाटली."

"इथे?" बायकोने खाणावळीभर नजर फिरवली. "आणि मला एका शब्दाने बोलला नाहीत."

"आजचा दिवस तुझा सुखात जावा म्हणून."

बायकोने पदर तोंडाला लावला. मेहुण्याने घसा खाकरला आणि खिशातून घडी केलेला कागद काढला. "भाऊजी, तुम्ही वहीत लिहिलंत, दोन चमचे घेतले, नाडी बहात्तर, चार तास झाले, अजून काही झालेलं नाही, तिला कळता कामा नये. ते वाचून ताईने मला बोलावलं. आणि फ्रिजमधली ती ताजी बाटली आम्ही तपासायला दिली."

"कुठे दिलीत?"

"लघवी तपासतात, तिथे."

तेहतीस वर्षांची नोकरी कुठे जाते? पहिला प्रश्न त्यांनी तोच विचारला. "काय निघालं?"

मेहुण्याने वाचलं. "मीठ प्रमाणाबाहेर. तेलाचा तवंग. गाजर, तुकडा एक, चौकोनी. पेशंट चालत असल्यास ताबडतोब घेऊन यावे."

मागे धप्पकन पातेलं ठेवल्याचा आवाज आला. मालक उभा होता. "साहेब," तो म्हणाला, "माझं सूप तुम्ही कुठे पाठवलंत?"

मग काय, सगळं बाहेर आलं. सहा खाणावळी, चिठ्ठ्या, पेन्शनचं काम. बायको ऐकत गेली आणि तिचे डोळे कोरडे होत गेले. ते कोरडे डोळे बघून साहेबांना जास्त भीती वाटली.

"चार दिवस," ती म्हणाली, "चार दिवस मी न्हाणीघरात नळ सोडून रडतेय. मी म्हटलं, हा माणूस चालला. आणि तुम्ही गावभर सूप पीत हिंडत होतात."

"तुझ्यासाठीच गं."

"सोमवारची गाडी किती वाजता आहे रे?" तिने भावाला विचारलं.

साहेबांनी घाईघाईने पिशवीतून कागदात गुंडाळलेली बरणी काढली. "हे बघ तरी. तुझी भेट. अशी चीज गावात कुणाकडे नाही. सहा दिवस स्वतः खाऊन तपासलीय, त्याच नाड्या मोजत होतो मी! चव उत्तम, थोडी खारट, दहापैकी नऊ गुण."

बायकोने बरणी फिरवून बघितली. मालकाने मान पुढे काढून सोनेरी अक्षरं वाचली. बारा वर्षांत बंदरोबंदरी हिंडून त्याला ती लिपी येत होती. त्याने एकदा बरणीकडे बघितलं, एकदा साहेबांच्या केसांकडे.

"रोज किती खात होतात?" त्याने विचारलं.

"दोन चमचे. का?"

"यावर एकच लिहिलंय. मोठ्या मांजराला एक चमचा. अंगावरचे केस चमकतात."

आधी मेहुणा हसला. मग मालक हसला, चार दिवसांची भीती निघून गेल्यासारखा. बायकोने साहेबांच्या डोक्याकडे बघितलं आणि तिला असं हसू फुटलं की टेबल धरून बसावं लागलं. हसता हसता ती पुन्हा रडली, पण हे रडणं वेगळं होतं. "जिवंत आहात ना," ती म्हणाली, "मग खा मांजराचं."

मालकाने नवं सूप आणलं. वाफाळतं. मीठ बेताचं घातलंय, हे त्याने दोनदा सांगितलं. बायकोने चमचा उचलला आणि साहेबांकडे बघितलं. साहेब खाली बघत होते. सहा दिवस मांजराचं खाणं खाऊन नऊ गुण देणाऱ्या माणसाने आता कुठल्या तोंडाने हुंगायचं? बायकोने वाटीभर सूप गरम असतानाच संपवलं आणि दुसरी वाटी मागवली. गाडीची वेळ पुन्हा कुणी विचारली नाही.

घरी परतले, तर बोका दारात बसलेला. बायकोने पिशवीतून तिची भेट काढली, झाकण उघडलं आणि चमचाभर लगदा बशीत घालून त्याच्यापुढे ठेवला. बोक्याने हुंगलं नाही, बशीभोवती फिरला नाही, क्षणभर थांबलाही नाही. बशी चाटून पुसून लख्ख केली आणि अंग ताणून जिना उतरून गेला.

"बघा," बायको कुलूप उघडता उघडता म्हणाली, "याला म्हणतात जेवणं."