फक्कीचं घर

भामरेंच्या नव्या घरात मी पहिलं पाऊल टाकलं ते थेट संडासात.

यात माझा दोष नव्हता, असं मी आजही म्हणतो. पाथर्डी फाट्याच्या पुढे एका मोकळ्या प्लॉटवर त्यांनी मला रविवारी चहाला बोलावलं होतं. गेलो तर तिथे वाळकं गवत, दोन बाभळी आणि मातीवर पांढऱ्या फक्कीच्या रेघा. मैदानावर मारतात ती फक्की. मला वाटलं, पोरांनी खो-खो आखलाय. मधोमध सतरंजी टाकून भामरे बसले होते, म्हणून मी सरळ चालत गेलो आणि नमस्कार केला.

त्यांनी नमस्कार घेतला नाही. माझ्या पायांकडे बघत म्हणाले, "निकम, तठे भिंत शे."

भामरे सटाण्याकडचे. सारी नोकरी अंबडच्या कारखान्यात झाली, पण मनाला लागलं की अजून अहिराणीत शिरतात.

"कुठे भिंत?" मी विचारलं.

"जिच्यातून तुम्ही आलात ती. आणि आता तुम्ही संडासात उभे आहात."

"मग काय करू?"

"आता गेलाच आहात तर निवांत या. पण येताना दार लावून घ्या. आणि पुढून फिरून या, तिथे पायरी आहे. चपला पायरीशी."

मी संडासाचं दार लावलं. म्हणजे हवेत हात फिरवला. मग घराला वळसा घालून पायरीशी चपला काढल्या आणि गोखरूंवरून अनवाणी हॉलमध्ये आलो. तेव्हा कुठे त्यांचा चेहरा खुलला. "या या, निकम. घर सापडायला त्रास नाही ना झाला?"

भामरे आणि शोभावहिनी इंदिरानगरात आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचे. भामरे कंपनीत क्वालिटीत होते, आणि निवृत्त झाल्यावरही ते क्वालिटीतच राहिले. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी मापाची टेप. दिवाळीला आमच्या हिने चकल्या पाठवल्या, तर त्यांनी सगळ्या ताटात ओळीने मांडल्या, टेप लावली आणि दोन बाजूला काढल्या. "एवढे दोन नग मापात नाहीत, वहिनी. रिजेक्शन मी इथेच संपवतो," म्हणाले आणि संपवले. दुसऱ्या वर्षी आमच्या हिने त्यांना चिवडा पाठवला. म्हणाली, मोज म्हणावं आता.

कंपनीत कुठलंही मशीन चालवून बघितल्याशिवाय त्यांनी कधी पास केलं नव्हतं. मग घर कसं करतील? "आपण आधी राहून बघू," हे त्यांचं पालुपद. प्लॉट घेतला, नकाशा काढला, तो फक्कीने जमिनीवर उतरवला, आणि दर रविवारी नवरा-बायको स्टोव्ह, सतरंजी आणि डबा घेऊन त्यात राहायला जाऊ लागले. स्वयंपाकघरात चहा व्हायचा, हॉलमध्ये प्यायचा, बेडरूममध्ये वामकुक्षी. हे सगळं रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत. एकदा माझ्यासमोर दोघांचं काहीतरी बिनसलं. वहिनी उठून बेडरूममध्ये जाऊन आमच्याकडे पाठ करून बसल्या. आमच्यात अंतर म्हणाल तर हात लांबवला तर पाठीला लागेल एवढं.

मी म्हटलं, "जा की समजूत काढायला."

"कसा जाऊ?" भामरे हळूच म्हणाले. "दार आतून लावलंय तिने."

मीही हळूहळू या घराला सरावलो. इतका, की एकदा तिथून परतल्यावर आमच्याच गच्चीवर मी नसलेल्या कोपऱ्याला वळसा घालताना हिला दिसलो. त्या दिवशी तिने मला चहा दिला नाही.

शोभावहिनी ब्लाऊज शिवायच्या. आमच्या कॉलनीतल्या अर्ध्या बायका त्यांच्या मापात होत्या. नवऱ्याचं घर त्या ब्लाऊजसारखंच बघायच्या. "हॉल बगलेत दाटतोय हो," म्हणायच्या, किंवा "आत थोडं कापड सोडा, पुढे उसवून वाढवता येईल." उसवायची वेळ काही आली नाही, सगळा कारभार टीप मारून आत घेण्याचाच होता. कारण फक्कीला पैसे पडत नव्हते, पण ठेकेदार आहेर दर वेळी स्टीलचा नवा भाव घेऊन यायचे. भाव चढला की भामरे झाडू घेऊन भिंती आत ओढायचे.

आधी बाल्कनी गेली. मग देवघर गेलं आणि देव कोनाड्यात आले. "उभे राहतील," भामरे म्हणाले. सिमेंट वाढलं तशी पाहुण्यांची खोली गेली.

"पाहुणे हॉलमध्ये झोपतील."

"हॉलमध्ये सोफा आहे, अहो," वहिनी म्हणाल्या.

"मग त्यांना जेवून जाऊ द्या."

"अजून एक भाववाढ झाली ना," वहिनी मला म्हणाल्या, "की घर आत आणि आम्ही दोघं बाहेर सतरंजीवर."

मी शहाण्यासारखा सल्ला दिला. म्हटलं, "भामरे, थांबा की वर्षभर. भाव उतरतील. भाड्याचं घर काही पळून जात नाही."

"यंदाच व्हायला पाहिजे."

"पण घाई कसली?"

"थांबता येत नाही, निकम," एवढंच म्हणाले आणि टेप गुंडाळत बसले.

आहेरांनी पैसे वाचवायचा एक रास्त उपाय सुचवला होता. बेडरूमपासून स्वयंपाकघरापर्यंत जो सरळ बोळ होता तो काढायचा, स्वयंपाकघर उचलून पुढे घ्यायचं आणि मोरी-संडास त्याच्या जागी मागे टाकायचे. पाइप एका भिंतीत येतात, बोळाची जागा वाचते, आणि पाहुण्यांची खोलीसुद्धा परत मिळते. मला तर हे फार पटलं. पण देवांना उभं करणारा हा माणूस त्या बोळाला हात लावू देईना. बेडरूममधून निघालं की सरळ स्वयंपाकघर, वाटेत उजवीकडे मोरी. खोल्या कितीही आक्रसोत, त्यांची जागा बदलायची नाही. कारण विचारलं तर म्हणायचे, "राहून बघितलंय."

आता माझा स्वभाव सांगतो. दुसऱ्याच्या घरात सुधारणा करायची मला भारी हौस. स्वतःच्या घरात कोणी करू देत नाही, हे एक कारण. भामरे दोघं लग्नाला सटाण्याला गेले होते. शनिवारी मी आहेरांना गाठलं. म्हटलं, तोंडी सांगून हा माणूस ऐकायचा नाही, आपण त्याला राहूनच दाखवू. आहेर कां-कूं करत होते, पण पुढच्या आठवड्यात पायाची खोदाई लागायची होती आणि त्यांनाही आपला नकाशा हवा होता. मी झाडूने बोळ पुसला. स्वयंपाकघर पुढे आणलं, संडास मागे नेला, पाहुण्यांची खोली परत दिली, आणि माझ्याकडून भेट म्हणून हॉलला एक जास्तीची खिडकी काढली. घरी गेलो तेव्हा गुडघ्यापर्यंत पांढरा झालो होतो. ही म्हणाली, "आज कुणाचं घर बुडवून आलात?" बायकांना कसं कळतं कोण जाणे.

रविवारी सकाळी आहेर आणि मी पायरीशी उभे राहिलो. भामरे स्कूटर उभी करत होते, तेवढ्यात वहिनी पुढे आल्या. पायरीशी चपला काढल्या, हातात स्टोव्ह आणि पिशवी, माझ्याकडे बघून हसल्या आणि नेहमीच्या सवयीने आत चालू लागल्या. नव्या स्वयंपाकघराच्या भिंतीतून आत, दुसऱ्या भिंतीतून बाहेर, तिथून सरळ मागे. खाली बसल्या, स्टोव्ह मांडला आणि चहाचं पातेलं काढलं. नव्या संडासात.

मी पोट धरून हसलो. "वहिनी, अहो, कुठे चहा टाकताय?"

हसणारा मी एकटाच होतो. भामरे स्कूटर तशीच सोडून आले होते आणि जमिनीकडे बघत होते. वहिनींनी पातेलं खाली ठेवलं, मान अगदी वाकवली आणि हाताने आजूबाजूची माती चाचपली. बोटांना फक्की लागली तेव्हा म्हणाल्या, "रेघा हलवल्यात का हो कोणी?"

रेघा अंगठ्याएवढ्या जाड होत्या. मी स्वतः मारल्या होत्या.

"मला खालचं दिसत नाही, भाऊ," वहिनी माझ्याकडे वळून म्हणाल्या. आवाज रोजचाच होता. "समोर तुमचं तोंड दिसतं. नको तेवढं स्पष्ट दिसतं. पण कडेचं आणि खालचं गेलंय. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही आणि उरलेलं हळूहळू कमी होणार. हे म्हणाले, मग घर आत्ताच बांधू, दिसतंय तोवर पायांना पाठ करून ठेव. म्हणून तर रविवारचे हे खेळ." मग नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "यांना कोणाला सांगायचं नव्हतं. म्हणे, लोक ब्लाऊज टाकायचे बंद करतील. मी बटणं कधीची अंदाजाने लावतेय, कोणाला कळलंय का?"

मी झाडू उचलला.

भामरे मला एक शब्द टाकून बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. खिशातून टेप काढून एवढंच म्हणाले, "टेपचं टोक धरा. शून्यावर धरा, निकम. तुमचं शून्य नेहमी सरकतं." आम्ही दोघांनी मिळून बोळ पुन्हा आखला. माझी पाहुण्यांची खोली पुसताना आहेरसुद्धा हातभार लावायला आले. आखून झाल्यावर वहिनी बेडरूमपासून स्वयंपाकघरापर्यंत चालल्या आणि परत आल्या. त्यांच्या मागे एक हात अंतर ठेवून भामरे चालत होते. दोन्ही हात पुढे धरलेले, पण वहिनींना कुठेही लागू न देता. चालायला शिकणाऱ्या पोरामागे धरावेत तसे.

पाया खोदला गेला तो त्याच रेघांवर. घर उभं राहिलं. भाव चढतच राहिले, त्यामुळे वर काढायची ठरलेली एक खोली नकाशातच राहिली आणि कंपाउंडच्या भिंतीच्या जागी तूर्तास तार आली. मलाही काम मिळालं होतं. फरशी बघायला भामरे मला बरोबर न्यायचे. दुकानात शिरलं की म्हणायचे, "निकम, मोजे काढा. डोळे मिटा. यावर उभे राहा. आता त्यावर. फरक कळतो?" द्वारका चौकाजवळच्या एका दुकानात मी चांगला इस्त्रीच्या कपड्यांत, अनवाणी, डोळे मिटून फरशांवर पाय घासत उभा असताना आमच्या कचेरीतले साहेब बायकोसह आत आले. त्यांनी मला त्या दिवशी ओळख दिली नाही. नंतरही काही दिवस जरा जपूनच बोलत होते.

वास्तुशांतीला सटाण्याहून झाडून सगळे पाहुणे आले. येणारा प्रत्येक जण आधी खाली बघत होता. हॉलमध्ये गुळगुळीत फरशी, बोळात बारीक रेघांची, स्वयंपाकघरात खरखरीत आणि मोरीत उंचवट्यांची. रंगही एकाचा दुसऱ्याशी जमेना.

"काय हे, जावईबापू," वहिनींचे मामा म्हणाले, "चार खोल्यांना चार फरश्या? चिकटपणाला काही सीमा?"

"महागाई, मामा," भामरे म्हणाले. "उरलेले लॉट स्वस्तात मिळाले."

ती स्वयंपाकघरातली खरखरीत फरशी सगळ्यांत महाग पडली होती. दुकानात तिच्यासाठी घासाघीस करताना मी होतो. मामांनी ही गोष्ट चार जणांना सांगितली, त्या चार जणांनी आणखी चौघांना, आणि जेवणाच्या पंगतीपर्यंत भामरेंच्या कंजूषपणाचे किस्से रंगले. भामरे सगळ्यांत मोठ्याने हसत होते. मामांनी मला विचारलं, "तुम्ही शेजारी ना? नेहमी असेच का?" मी म्हटलं, "विचारू नका, चकलीसुद्धा मोजून खातात." याहून जास्त मदत मला करता आली नाही.

मग वहिनी चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघरातून निघाल्या. अनवाणी, पाठ ताठ, नजर समोर, ओठांवर पाहुण्यांसाठीचं हसू. बोळाच्या तोंडाशी त्यांचं पाऊल क्षणभर थबकलं आणि गुळगुळीत फरशीवर आलं. मी त्या वेळी भामरेंसमोर उभा राहून स्टील आता तरी उतरेल का, याबद्दल माझं मत देत होतो आणि नेमका वाटेत उभा होतो. भामरेंनी वहिनींकडे पाहिलंही नाही. बोलता बोलता माझं कोपर धरलं, मला सोफ्याच्या बाजूला ओढून घेतलं आणि म्हणाले, "नाही उतरायचं, निकम. सिमेंटचंही तुम्हाला सांगतो..."

ट्रे आमच्या शेजारून सरळ पुढे गेला.