स्टुलाचे सत्तावीस देश

वस्तू कुठे तयार होते याला फारसं महत्त्व नसतं. ती शोधताना माणूस कोणता शब्द टाइप करतो, याला असतं. सुतारमामांना हे सत्य वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं, तेही भाच्याकडून. तोवर चाळीस वर्षं ते नुसतीच स्टुलं करत होते.

मामींनी निर्वाणीचं सांगितलं होतं की तीन महिन्यांत स्टुलं खपली नाहीत तर शेड रिकामी करून गाड्या ठेवायला भाड्याने द्यायची. शेड गेली की मामांना दिवसभर घरात, मामींच्या नजरेसमोर बसावं लागणार होतं.

भाचा ऑनलाइन दुकानांचा सल्लागार होता. (स्वतःचं दुकान नव्हतं, सल्लागाराला ते वर्ज्य असतं.) त्याने स्टूल पाहिलं नाही, स्टुलाचं वेबसाइटवरचं पान पाहिलं. 'मजबूत लाकडी स्टूल' हे वर्णन खरं असल्यामुळे निरुपयोगी ठरलं. त्याने कीवर्डांत देश भरले. डॅनिश स्टूल, जपानी स्टूल, इटालियन स्टूल, असे एकूण सत्तावीस. हे खोटं नाही का होणार, असं मामांनी भीत भीत विचारलं. भाच्याने समजावलं की खोटं बोलायला तोंड लागतं. हा कीवर्ड आहे.

परिणाम शास्त्रशुद्ध झाला. पहिल्या महिन्यात पानावर चार हजार माणसं आली. त्यांतली एकोणचाळीसशे त्या त्या देशाचा व्हिसा, हवामान किंवा फुटबॉलचा निकाल शोधत होती. उरलेल्या शंभरांतल्या एकसष्ट जणांनी स्टूल घेतलं. एका वाट चुकलेल्याने तर अभिप्राय लिहिला, 'व्हिसा नाकारला, पण पुढच्या तारखेची वाट बघायला स्टूल उत्तम.' शेड वाचली. मामी चहा शेडमध्येच पाठवू लागल्या.

भिंतीपलीकडे एक निवृत्त हेडमास्तर राहायचे. मामांचं काम ओबडधोबड आहे, हे मत ते वीस वर्षं मोफत देत आले होते. त्यांनी डॅनिश स्टूल मागवलं. ते शेडमधून निघून तीन गोदामं फिरून नवव्या दिवशी त्यांच्या दारात पोचलं. (अंतर अकरा पावलं.) त्यांनी मामांना मुद्दाम बोलावून घेतलं.

"बघा जरा. याला म्हणतात हात. शिका काहीतरी."

मामांनी स्टूल उलटं करून पाहिलं. चौथा पाय त्यांनी कंबर धरलेली असताना रंधला होता, तरी तो सरळ आला होता.

"हात चांगला आहे," ते म्हणाले आणि घरी आले. त्यांना आनंदही झाला आणि अपमानही वाटला. जास्त काय, ते जेवण संपेपर्यंत ठरेना.

हात धुऊन त्यांनी भाच्याला फोन केला आणि यादीत आपल्याही देशाचं नाव घालायला सांगितलं.

"घालतो मामा. पण शोधणार कोण?"

मामांनी हट्टाने घालायला लावलं. सात महिन्यांच्या आकडेवारीनुसार तो शब्द एकदाच शोधला गेला, आणि शोधणारे मामाच होते. ही आकडेवारी वाचकांना अविश्वसनीय वाटत असेल, तर परवा चादर किंवा चाकू घेताना आपण काय टाइप केलं होतं ते त्यांनी आठवून पाहावं. आठवत नसल्यास भाच्याला विचारावं. त्याच्याकडे नोंद आहे.