गायकवाडचं ‘कशावरून?’

“शेठने चहा पाठवलाय,” असं चहावाल्याने म्हटलं की मी लगेच हात पुढे करायचो. गायकवाड मात्र मान वर न करता विचारायचा, “कशावरून?”

उल्हासनगरात शेठच्या जीन्सच्या दुकानावर आमचं दोन टेबलांचं ऑफिस होतं. दुकानाची वेबसाइट आम्ही दोघं करत होतो. मी ऑर्डरचं असं बटण बनवलं की पान जागचं हलत नसे आणि ऑर्डर मागच्या मागे जाई. मी भलताच खूश होतो.

“टोकन कुठंय?” गायकवाडने विचारलं. “पान उघडताना आपण त्याला एक गुप्त आकडा देतो. तो परत आला तरच ऑर्डर घ्यायची. तुझं बटण हात हलवत येतंय.” त्याने तपासणी लावली आणि माझं बटण बंद पडलं.

ऑर्डर थांबल्या तसे शेठ तावातावाने वर आले. “साईं, कस्टमर लॉगिन करके आया है ना? फिर टोकन काहे का? निकाल दो!”

“नाही काढणार. मला काढा हवं तर,” गायकवाड म्हणाला.

मग शेठने ती तपासणी माझ्याकडून बंद करून घेतली. मला नोकरी प्यारी होती.

दुसऱ्या दिवशी गायकवाडने शेठना मेलवर एक लिंक पाठवली. शेठ ती उघडून पानावरची गुलाबाची फुलं बघत बसले आणि त्या पानाने गुपचूप त्यांच्याच नावाने तीनशे जीन्सची ऑर्डर टाकली.

“मैंने कब बोला?” शेठ ओरडले.

“ब्राउजर तुमचा, लॉगिन तुमचं. पण ऑर्डर तुम्हीच दिली, कशावरून?”

तपासणी पुन्हा चालू झाली. मी मुकाट्याने बटणासोबत टोकन पाठवायला लागलो, पण माणूस डोक्यात गेला होता.

त्याच आठवड्यात कामासाठी मला त्याच्याबरोबर त्याच्या बदलापूर गावातल्या घरी जावं लागलं. त्याने कडी वाजवली. आतून म्हातारा आवाज आला, “कोण?”

“आई, मी.”

“कशावरून?”

मला हसू फुटलं. गायकवाड हसला नाही. “जांभूळ,” तो म्हणाला.

आत कागद चुरचुरला, मग आईने दार उघडलं. तिच्या पदराला पिनने लावलेल्या चिठ्ठीवर ‘जांभूळ’ लिहिलेलं होतं. “बसा हं, पाणी आणते.”

“चेहरा ओळखत नाही आता,” तो हळूच म्हणाला. “मागे कुणीतरी ‘आई, मी आलो’ म्हणालं, हिने दार उघडलं. अंगावरचं सोनं गेलं. तेव्हापासून रोज सकाळी नवा शब्द लिहून देतो.”

माझी मान खाली गेली.

आईने त्याच्या हातात पेला दिला. “थांबा थोडं. आमचा बाळू येईलच एवढ्यात.”

“कशावरून?” गायकवाडने विचारलं. त्याचा आवाज इतका मऊ मी कधी ऐकला नव्हता.

“कशावरून म्हणजे?” म्हातारी रागावली. “रोज येतो तो.”