तोडकरांचं कांडप कुणाला दिसावं

जाहिरात सुरू झाली त्या सोमवारपासून शालन तोडकरचं मसाला कांडप केंद्र फक्त पंचवीस ते चाळीस वयाच्या बायकांनाच दिसायला लागलं, आणि पहिली पंचाईत झाली ती तिच्या नवऱ्याची. आनंदा तोडकर सकाळी नऊला चहाला म्हणून बाहेर पडला. जाहिरात नऊ वाजून पाच मिनिटांनी सुरू झाली. सव्वानऊला तो परत आला तर मंडईमागच्या बोळात सायकलचं दुकान होतं, बांगड्यांचं दुकान होतं आणि दोघांच्या मध्ये एक कोरी भिंत होती. आनंदानं सवयीनं चपला काढल्या आणि तो भिंतीकडे बघत उभा राहिला.

"शालन," तो म्हणाला, "दुकान कुठं गेलं गं?"

"हितंच हाय की," आतून शालन म्हणाली. "तुम्ही कुठं बघताय?"

विट्याच्या लोकांनी याचा फार गवगवा केला नाही. सायकलवाल्यानं भिंत मोकळी दिसली म्हणून तिला चार टायर टेकवून ठेवले. ते नेमके दुकानाच्या दारात आले, म्हणून शालननं बाहेर येऊन ते उचलून दिले. "बरं, बरं, दार हाय व्हय हितं," एवढंच तो म्हणाला. सायकलवाला पंचावन्न वर्षांचा होता, त्यामुळे त्याची काही चूक नव्हती.

आता याचा दोष द्यायचा म्हटलं तर कुणाला देणार? दोन वर्षं झाली, लोकांना घरबसल्या मसाल्याची पुडी मिळायला लागली होती. एके काळी मार्च लागला की शालनच्या दारात बायकांचे डबे नंबर लावून बसायचे. ते डबे कमी होत होत यंदा बोटावर मोजण्याइतके राहिले. हा हंगाम असाच गेला तर मशीन भंगारात घालायची, असं नवराबायकोनं एकमेकांच्या तोंडाकडे न बघता ठरवून टाकलं होतं. तेवढ्यात लोखंडे मॅडम आल्या.

लोखंडे मॅडम पूर्वी दारोदार कुकर विकायच्या. आता त्या काखेत तीच फाइल घेऊन लहान धंदेवाल्यांना परवडेल अशी ऑनलाइन जाहिरात विकत होत्या. बाई मनानं सरळ होती. तिनं पहिल्याच दिवशी पैशाचा हिशेब उघड सांगितला.

"शालनताई, जितकं नेमकं तितकं स्वस्त. सगळ्या जगाला दिसायचं तर जगाएवढे पैसे मोजावे लागतात. तुम्ही मला फक्त तुमचं गिऱ्हाईक कोण ते सांगा."

मॅडमनी मोबाइलवर अर्ज उघडला. त्यात पहिलाच प्रश्न होता, पुरुष गिऱ्हाईक हवेत का? शालन क्षणाचाही विचार न करता "नकोत" म्हणाली. तिचं म्हणणं अगदी रास्त होतं. कांडपाला आलेली बाई आपला मसाला मशीनमधून निघेपर्यंत जागची हलत नाही. मधे दुसरीची मिरची मिसळू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून राखण करते. पुरुष मात्र मिरची टाकतो, चहाला जातो, तासाभरानं येतो आणि हा माझा मसालाच नव्हे म्हणून भांडतो. असली कटकट पैसे देऊन कोण बोलावणार? वयाच्या रकान्यात तिनं पंचवीस ते चाळीस घातलं, कारण त्यापुढच्या सासवा घासाघीस करून जीव खातात. आनंदा हाही पुरुष आहे हे तिच्या डोक्यातच आलं नाही. ज्यानं सत्तावीस वर्षं त्या दोन मुसळांच्या मधे पळीनं मसाला सारला, त्याला कोण पुरुषांत धरतं? बायकासुद्धा त्याच्यासमोर नवऱ्यांची गाऱ्हाणी बिनदिक्कत करायच्या.

मालकाला दुकान दिसण्याची सोय पॅकेजात होती. पण मालक एकच धरला जायचा, आणि बायकांच्या योजनेतून मशीन घेतली असल्यामुळे परवान्यावर नाव शालनचं होतं.

त्या सोमवारी शालननं आनंदाचा हात धरून त्याला आत नेलं, स्टुलावर बसवलं आणि पळी हातात दिली. पळीही त्याला दिसत नव्हती, पण हाताला ओळखीची लागली. "चालू कर," तो म्हणाला. शालननं बटण दाबलं. मुसळं उठली, आदळली, आणि तिसऱ्या ठोक्याला आनंदाच्या बोटापासून नखभर अंतरावर पडली. शालननं किंचाळून मशीन बंद केली.

"उठा," ती म्हणाली. "तुम्हाला दिसंल तवर हितं हात घालायचा न्हाई. माझी शपथ हाय."

आनंदा उठला. बाहेर जायचं दार कुठल्या बाजूला हे त्याला सांगावं लागलं.

त्यानंतर धंदा वाढला, हे नाकारून चालणार नाही. मॅडमनी सांगितलं होतं की यादीत अठराशे चाळीस बायका आहेत, आणि त्या खरोखरच यायला लागल्या. ज्यांनी जन्मात कांडप पाहिलं नव्हतं अशा पोरीसोरी सासरचा मसाला घेऊन आल्या आणि राखण करायला रांगेत बसल्या. मशीनवर शालन बसायची. तिला सारणं जमायचं, पण मसाला कधी झाला ते मात्र कळायचं नाही. ते आनंदालाच कळायचं, आणि ते कानानं कळायचं.

सुदैवानं आवाज आणि वास पॅकेजात येत नव्हते. ते सगळ्यांना फुकट होते. आनंदा भिंतीला कान लावून बोळात उभा राहायचा आणि बाहेरून ओरडायचा, "शालन, धने ऱ्हायलेत अजून!" नाहीतर, "बास, बास! उतरव आता, जळंल!" आतल्या बायका म्हणायच्या, काका अगदी बरोबर सांगतात हं. बोळातून जाणारी माणसं भिंतीवर ओरडणाऱ्या माणसाला रामराम घालून पुढे जायची.

एप्रिल आला. ऊन भिंतीवर सरळ पडायला लागलं. बांगडीवालीनं आनंदाला एक छत्री दिली आणि सायकलवाल्यानं बसायला डबा दिला, पण बसलं की मशीनचा ठोका नीट ऐकू येत नाही म्हणून तो उभाच राहायचा. घरी तो तक्रार करत नव्हता. हळूहळू बोलेनासाच झाला. एकदा जेवताना शालननं त्याला दुकानातलं काही विचारलं, तर म्हणाला, "मला काय म्हाईत बाई? तुझ्या दुकानात काय काय हाय ते आता मला आठवायला लागतंय." शालननं हातातला घास ताटात परत ठेवला.

दुसऱ्या दिवशी मुलाणीभाभी आल्या. त्या अडतीस वर्षांच्या, लग्न होऊन विट्यात आल्यापासून दर वर्षी पाच किलोचा मसाला इथेच करणाऱ्या. डबा ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "शालनभाभी, रागवू नका, पन आनंदाभाईंचं तोंड बघवत न्हाई. स्वतःच्या दुकानाबाहेर मानूस असा उभा? असला धंदा काय करायचाय ओ?"

शालननं त्याच दुपारी लोखंडे मॅडमना बोलावलं. मॅडम सत्तेचाळीस वर्षांच्या असल्यामुळे त्यांना दुकान दिसत नव्हतं. दोघी बांगडीवालीच्या पायरीवर बसल्या.

"मॅडम, ह्यांचं नाव घाला त्यात," शालन म्हणाली.

"नाव घालता येत नाही ताई, वर्णनच लागतं. आणि ह्या पॅकेजात माणसं वाढवता येत नाहीत, फक्त कमी करता येतात. वाढवायची तर मोठं पॅकेज घ्यावं लागेल." मॅडमनी मोठ्या पॅकेजचा आकडा दाखवला. शालननं तो बघून फोन लगेच परत दिला.

"मग बंदच करून टाका."

"बंद केलं तर कुणालाच दिसणार नाही. एकदा जाहिरातीत गेलेलं दुकान जाहिरातीशिवाय दिसत नाही. नियम आहे तो." मॅडमचा चेहरा पडला होता. "मी आधी सांगायला हवं होतं. पण कुणी आजवर बंद केलंच नाही हो."

शालननं बोळात नजर टाकली. भिंतीपलीकडे मशीन बंद होती, म्हणून आनंदाही छत्री मिटून सायकलवाल्याच्या डब्यावर बसला होता.

"कमी करता येतात म्हणालात ना?" ती म्हणाली. "किती कमी?"

"कितीही. एका माणसापर्यंत. एकच माणूस असला तर फुकट."

"आणि तो माणूस दुसराच असला तर?"

"चालेल. आकडा वाढला नाही म्हणजे झालं. पण ताई, फुकटात मालकाची सोय नाही. तुम्हालाही दिसणार नाही."

हे ऐकून शालनला धडकी भरली. अठराशे चाळीस बायका, दारातली रांग, कितीतरी दिवसांनी भरलेला गल्ला, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. उलट रागच आला.

"मुसळापाशी हात कुणाचा असतो?" तिनं विचारलं.

"त्यांचा."

"मग ज्याचा हात, त्याला दिसू दे. ल्हिवा तुम्ही."

मॅडमनी अर्ज उघडला. पुरुष, वय एकसष्ट, असं घातल्यावर जिल्ह्यात अकरा हजार दोनशे असा आकडा आला.

"जास्त झाले. आवळा आणखी," मॅडम म्हणाल्या.

"मिरचीच्या खकाण्यात शिंकत न्हाईत."

"चारशे सहा."

"आवाज ऐकून मसाला झाला का न्हाई सांगतात."

"नऊ." मॅडमनी मान वर केली. "छान चाललंय."

"भांडण झालं की आठ-आठ दिवस बोलायचे न्हाईत. पण माझ्या चहाची कपबशी विसळून ठेवतील."

"दोन."

"दोन?" शालन ताठ बसली. "दुसरा कोण?"

"ते गोपनीय असतं ताई. पलूसकडचा कुणीतरी दिसतोय."

"त्याची बायको सुखात असंल," शालन म्हणाली आणि विचारात पडली. आपल्याच नवऱ्याचं असं उघड्यावर, पायरीवर बसून वर्णन करायचं म्हणजे तिला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. बांगडीवाली तोंडाला पदर लावून ऐकत होती. शेवटी शालन खालच्या आवाजात म्हणाली, "सत्तावीस वर्षं त्यात हाडं झिजवली, पण एकदासुद्धा 'माझं दुकान' म्हणाले न्हाईत. कुणी विचारलं की 'आमच्या शालनचं' म्हणत्यात."

मॅडमनी तेवढं लिहिलं आणि फोनकडे बघत राहिल्या. आकडा एकवर आला होता.

"करू का पक्कं?" त्यांनी विचारलं.

"करा."

मंगळवारी सकाळी दोघं बरोबरच बोळात आली. शालनला सायकलचं दुकान दिसलं, बांगड्यांचं दुकान दिसलं आणि मधे भिंत दिसली. आनंदा मात्र थबकला. त्यानं चपला काढल्या. मग त्यानं हात पुढे केला आणि म्हणाला, "चल. उंबरा जरा उंच हाय, बघून."

"बघून काय, बघून?" शालन करवादली, पण तिनं हात धरला.

आनंदानं मशीन सुरू केली तशी बोळात ठोके घुमायला लागले आणि मिरचीचा वास मंडईपर्यंत गेला. साडेदहाला मुलाणीभाभी डबा घेऊन आल्या आणि भिंतीसमोर उभ्या राहिल्या.

"आनंदाभाई," त्या भिंतीला म्हणाल्या, "वास तर येतोय. आत घ्या की."

आनंदानं बाहेर येऊन त्यांना मनगटाला धरून आत आणलं आणि बाकावर बसवलं. भाभींनी राखण करायची म्हणून डोळे मोठे केले, पण राखायला काही दिसत नव्हतं. त्यांनी थोडा विचार केला.

"माझ्यात दुसऱ्याची मिरची नको हं, भाई."

"न्हाई यायची."

"मग ठीक हाय," भाभी म्हणाल्या आणि त्यांनी निवांत पाय वर घेतले. मसाला डब्यात पडला, डबा घेऊन त्या बोळात गेल्या, तेव्हा तो लालभडक दिसला. त्यांनी चिमूटभर जिभेवर टाकून बघितला आणि शेजारच्या दोघींना फोन लावला.

अकराच्या पुढे बायका भिंतीजवळ येऊन हाका मारायला लागल्या. त्यात चाळिशीच्या आतल्या होत्या तशा सत्तरीच्या सासवाही होत्या. दिसत कुणालाच नव्हतं, त्यामुळे वयाचा प्रश्न उरला नाही. एकदोघे पुरुषही आले आणि निघून जायचं दार दिसेना म्हणून मसाला होईपर्यंत गपगुमान बसून राहिले. आनंदा एकेकाला हात धरून आत आणत होता, बसवत होता, परत मशीनवर जात होता. शर्ट घामानं भिजला होता आणि तो न थांबता बोलत होता.

दुपारी गर्दी जरा ओसरली. आनंदानं सकाळी जिथं बसवलं होतं त्याच बाकावर शालन समोरच्या मोकळ्या जागेकडे बघत बसली होती.

"अवो," ती म्हणाली, "कसं दिसतंय?"

आनंदानं पळी बाजूला ठेवली आणि सगळीकडे नजर फिरवली. "हाय तसंच हाय. वर कोपऱ्यात जाळं धरलंय बघ. महिनाभर कुणी झाडलेलं दिसत न्हाई."

"मला दिसत होतं तवा जाळं न्हवतं," शालन फणकाऱ्यानं म्हणाली. "द्या हिकडं झाडू."

त्यानं तिच्या हातात झाडू दिला. शालननं पदर खोचला आणि हात वर केला.

"डावीकडं," आनंदा म्हणाला. "आणखी जरा. हां, तिथं."