सोनोने गुरुजींची थंड शाळा

सोनोने गुरुजी रोज दुपारी वर्गात शिरण्याआधी भिंतीला गाल लावायचे. आजाऱ्याचं अंग पाहावं तसे. मग आत वळून सांगायचे, "भिंतीले ताप नाही. काढा पाट्या."

मी अकोल्याजवळच्या त्या गावी नवा मास्तर म्हणून गेलो, तेव्हा साठ साल उजाडायचं होतं. शाळा टिनाच्या शेडात भरायची. नव्या इमारतीचा नकाशा आला, तर त्यातही वर टिनच. हेडमास्तर सोनोने गुरुजींनी नकाशा गुंडाळून फळ्यामागे टाकला. "पोरं शिकवाची हायेत, भाजाची नाही," म्हणाले. आणि गाव हाताशी धरून मातीच्या जाड भिंती, वर कवेलूंचं म्हणजे कौलांचं छप्पर, पश्चिमेला रुंद पडवी अशी शाळा उभी केली.

मग तीच आमचं पुस्तक झाली. सरकती सावली खडूने आखली की झाला भूगोल. समोरासमोरच्या खिडक्या उघडून पिंजलेला कापूस सोडायचा आणि वारा कुठून कुठं जातो ते बघायचं, हे विज्ञान. छपराचं पाणी हौदात, हौदातलं निंबाला. "पानी कुठं गेलं?" हा प्रश्न तर दरेक परीक्षेत.

अमरावतीहून साहेब तपासणीला आले. "हे नकाशाबाहेर आहे. पाडावं लागेल."

"पाडा," गुरुजी म्हणाले. "पन बोलनं जुन्या शेडात करू. चहा तिथंच ठेवला हाये."

एप्रिलची भर दुपार. साहेबांनी आधी कोट काढला, मग टाय. चहाला कोणी हात लावला नाही. शेवटी साहेब आपणहून उठले आणि नव्या वर्गात जाऊन बसले.

"तुमची बदली होऊ शकते, गुरुजी."

"करा ना. भिंत तं इथंच राहीन."

इमारत राहिली. बदली झाली नाही, पण बढतीही पुन्हा कधी झाली नाही. गुरुजींनी त्याची चौकशीसुद्धा केली नाही.

पुढच्या मे महिन्यात, सुट्टीतच, मी खोलीतलं सामान न्यायला गावी आलो. शाळेचं दार उघडं दिसलं. आत बाळंतिणी तान्ही लेकरं घेऊन निजल्या होत्या. ज्यांच्या घरावर टिन, त्या सगळ्या. बौद्धपुऱ्यातल्या आणि वरच्या आळीतल्या, शेजारी शेजारी. तुळईला लुगड्याची झोळी टांगली होती आणि खाली बसून दोरी ओढत होते गुरुजी. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नव्हतंच.

"काहून पाहून राहिले?" ते दबक्या आवाजात गुरकावले. "सुट्टीत शाळा रिकामीच असते."

मी काही बोलणार, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू. आत्ताच डोळा लागला त्याचा."