कूलर बंद, अपग्रेड चालू

मे महिन्यात, बडनेऱ्यात, रविवारी भर अकरा वाजता स्वतःच्या हाताने घरातला कूलर बंद करणारा माणूस मी एकच पाहिला आहे. माझे घरमालक, गुणवंतराव गावंडे. बाहेर रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत असतं, आत काकू पदराने वारा घेत असतात, आणि काका पूजेला बसल्यासारखी खुर्चीत मांडी घालून कॉम्प्युटरसमोर जाहीर करतात, "कूलर बंद! अपग्रेड चालू हाय!"

"कूलरनं होल्टेज पडते," हे त्यांचं कारण. आता त्याच टेबलाखाली ट्रंकेएवढा स्टॅबिलायझर आहे, शेजारी इन्व्हर्टर आहे. पण भाडेकरूने घरमालकाला व्होल्टेज शिकवू नये, म्हणून मी गप्प.

काका मूळचे वलगावचे. घरची संत्र्याची बाग भावाकडे सोपवून हे जिनिंग फॅक्टरीत लागले. कापसाच्या गाठींचा हिशेब ठेवायला त्यांनी स्वतः प्रोग्राम लिहिला होता, काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांचा. तेव्हा जो नाद लागला तो निवृत्तीनंतर वाढला. बाजारात नवी सिस्टीम आली की ती आधी काकांच्या टेबलावर येते, आणि मग बाजाराला तिच्यातले दोष कळतात. मुलगी स्वाती जर्मनीत कॉम्प्युटरच्याच कामात आहे. तिचा फोटो स्टॅबिलायझरवर, गणपतीच्या शेजारी.

त्यांना जगातल्या प्रत्येक गोष्टीचं 'वर्जन' लागतं. भाजीवाल्याला विचारतात, "मेथीचं वर्जन कोनतं? कालचं तं नाई?" शेजारचा जावई मिशी काढून आला तर, "जवाईबापू अपडेट झाले वाट्टे!" ताट समोर आलं की वरणाचा घास घेऊन डोळे मिटतात आणि म्हणतात, "मालती, मागचं वर्जन जास्त स्थिर होतं."

काकू आतून म्हणतात, "मंग त्याच्यावरच राहा उपाशी!"

मी गुहागरकडचा. नववीतच शाळा सुटली. इकडेतिकडे कामं करत अकोल्याच्या एका छोट्या ऑफिसात टेकलो. तिथे दुकानांच्या बिलांचं सॉफ्टवेअर बनतं. आधी टायपिंग, मग चुका शोधणं, मग त्या दुरुस्त करणं, असा सरकत सरकत मी प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या रांगेत शेवटच्या खुर्चीवर पोचलो. रोज बडनेरा-अकोला गाडी. आणि रोज एकच धास्ती, की आज कोणीतरी विचारणार, तुझं शिक्षण किती?

गेल्या उन्हाळ्यात ती धास्ती फारच वाढली. तोवर आम्ही प्रोग्रामची फाइल पेनड्राइव्हवर या टेबलावरून त्या टेबलावर न्यायचो आणि तिला नावं ठेवायचो: 'फायनल', मग 'फायनल नवीन', मग 'हेच खरं फायनल'. साहेबांनी ते सगळं बंद केलं. आता सगळ्यांचं काम एका जागी, ज्याची त्याची वेगळी शाखा, आणि शेवटी जोडणी. प्रोग्राम लिहायची खिडकीही नवी. मी दोन अक्षरं टाकली की पुढची ओळ तीच सुचवायची. "महिनाअखेरीला मी प्रत्येकाचं काम स्वतः बघणार. ज्याला जमणार नाही त्याचा विचार करावा लागेल," साहेब म्हणाले आणि विचार सुरू करायला माझ्याकडेच बघितलं.

त्या संध्याकाळी काकांनी मला जिन्यातच पकडलं.

"का रे कोकण, चेहऱ्याचं वर्जन जुनं काहून दिसून राह्यलं?"

मी सांगितलं. नोकरी गेली तर नववी नापासाला कोण उभं करणार, हेही सांगितलं. काकांना दुःख वगैरे काही झालं नाही. त्यांचे डोळे चमकले. "म्हंजे नवीन साधन आलं! अन् तू रडून राह्यला? बह्याडच हायेस बावा!"

त्या दिवसापासून माझी शाळा खालच्या खोलीत भरली. काकांची शिकवायची रीत म्हणजे संत्र्याची बाग. "आमी झाड कसं करतो? खुंट जंभेरी लिंबाचा, त्याच्यावर डोळा बांधतो संत्र्याचा. तसंच हे. मेन खोडाले हात नाई लावायचा. तुही फांदी घे, तिच्यावर काय करायचं थे कर. वायली, सुकली तं तोड. फळ धरलं तं जोड." ऑफिसात दोन दिवस ऐकून मला जे समजलं नव्हतं ते एका जंभेरीत समजलं. सुचवणाऱ्या खिडकीबद्दल त्यांचं मत स्पष्ट होतं: "थो नवा सालदार गडी हाय. हुशार हाय, पन आपलं वावर त्याले मालूम नाई. त्यानं केलेलं काम पाह्यल्याशिवाय पुढं नाई जायचं."

आणि पडद्यावर लाल अक्षरं आली की मी खिडकीच बंद करायला जायचो, तेव्हा ते पाठीवर थाप मारायचे. "घाबरून काहून राह्यला? थे शिवी नाई देऊन राह्यलं तुले. चूक कुठी हाय त्याचा पत्ता सांगून राह्यलं. वाच!"

मध्ये एकदा शेजारच्या मास्तरांचा लॅपटॉप अपग्रेड होता होता काळा पडला. काकांनी मला समोर बसवून तोही माझ्याच हातून सुरू करून घेतला. जुन्या सिस्टीमवर परत कसं जायचं ते दाखवलं. चहा निवायच्या आत काम झालं.

महिनाअखेरीच्या शनिवारी साहेब माझ्या मागे येऊन उभे राहिले. मी फांदी जोडायला घेतली आणि अख्खा पडदा लाल झाला. हात खिडकी बंद करायला निघाला. पण कानात 'वाच' असं आलं. वाचलं. एकच ओळ मी आणि शेजारच्या टेबलाने दोन तऱ्हांनी बदलली होती. कोणती ठेवायची ते ठरवलं, पुन्हा जोडलं. सगळं हिरवं. साहेब एवढंच म्हणाले, "सोमवारी पुढचं काम घे." मी गाडीत बडनेऱ्यापर्यंत उभा राहिलो. जागा होती, पण बसवेना.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, पेढे घेऊन खाली गेलो. कूलर बंद. काकू पदराने वारा घेताहेत. काकांचा कॉम्प्युटर काळाठिक्कर पडलेला, वर पांढरी एकच ओळ. मी ती ओळ ओळखली. मास्तरांच्या लॅपटॉपवर होती तीच! उपकार फेडायची अशी संधी कुठून यायची? मी कीबोर्डकडे हात नेला.

काकांनी माझं मनगट धरलं. "राहू दे."

"काका, हे तुम्हीच शिकवलंत मला. दोन मिनिटांचं काम आहे."

"मले का मालूम नाई?" काका हळूच म्हणाले. "पेढा खा अन् गप बस."

काकू हसल्या आणि खुर्ची ओढून टेबलाजवळ सरकल्या. तेवढ्यात फोन वाजला. काकांनी तो स्पीकरवर टाकला.

"बाबा, आज काय केलंत?"

"स्वाती, पडदा काळा झाला वो माय," काका म्हणाले. आवाज इतका बिचारा, की मी पेढा चावायचा थांबलो. "काईच समजून नाई राह्यलं."

स्वाती एकेक बटण सांगायला लागली. काका प्रत्येक बटण शोधत होते, चष्मा पुसत होते, "कोनतं? वरचं का खालचं?" विचारत होते. मग टक्के चढायला लागले. टक्के चढताना दोन्हीकडे काही काम नसतं. मग तिने सांगितलं, सर्दी झाली आहे. काकूंनी सांगितलं, हळद घाल दुधात. तिने सांगितलं, शेजारची म्हातारी तिला केक देऊन गेली. काकांनी विचारलं, "वर्जन कोनतं?" आणि ती इतकी हसली की फोन खरखरला.

मे महिन्यातली ती खोली भट्टीसारखी तापली होती, पण कूलर बंद असल्यामुळे तिचा शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"झालं बघा सुरू," शेवटी ती म्हणाली. "आणि बाबा, पुढच्या आठवड्यात अजून एक नवीन येतंय. टाकून बघा हं तुम्ही. बिघडलं तर मी आहेच."

फोन बंद झाला. काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. "कूलर लाव रे," म्हणाले.

कूलर लावून मी वर आलो. दुपारी कुळथाची पिठी करायला घेतली. आईने दिलेलं पीठ आहे, दर रविवारी करतो, हात बसलेला आहे. गॅस पेटवला, विझवला, आणि गुहागरला फोन लावला.

"आई, पिठीत आमसूल आधी टाकायचं की पीठ आधी?"

"अरे देवा, एवढंही येत नाही?" आईचा आवाज एकदम उजळला. "थांब, पहिल्यापासून सांगते. आधी लसूण ठेच..."

मी उठून पंखा बंद केला.