जाधवांची घंटा

चऱ्होलीच्या आमच्या इमारतीत जाधवांच्या घरी घंटा वाजली, की समजावे, कोणीतरी आले किंवा कोणीतरी गेले. मात्र दाराकडे पाहू नये. तेथे कोणीही नसते. घंटा त्यांच्या संगणकात वाजते.

सुधाकर जाधव मूळचे नांदेडकडचे. चाकणच्या एका कारखान्यातील संगणक विभागातून निवृत्त झालेले, एकटे, आणि माझे शेजारी. आमच्या संस्कृत पाठमंडळाचा ईमेलवर एक गट होता. मी रोज एका श्लोकाचा अर्थ लिहून पाठवीत असे आणि तो सर्व सभासदांना पोहोचत असे. पोहोचविणारी सारी यंत्रणा जाधव सांभाळीत.

त्या यंत्रणेचा एक स्वभाव त्यांना असह्य होई. कोणी सभासद झाला, कोणी सोडून गेला, कोणाला पाठविलेले पत्र न पोहोचता परत आले, तरी ती आतल्या आत नोंद करून मूक राही.

"न सांगता उठून जायलेत लोकं, अन् हे मशीन तोंड उघडंना!"

म्हणून त्यांनी एक वेबपान रचले आणि यंत्रणेच्या पोटातील प्रत्येक घडामोड त्याला जोडून टाकली. आत काही घडले, की पानावर ओळ उमटे आणि घंटा वाजे.

मग आदरातिथ्य सुरू झाले. नव्या सभासदाला पान म्हणे, "या, बसा." गट सोडण्याचे बटण दाबणाऱ्यास विचारी, "निघालाव का? आमचं काही चुकलं का?" दुसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्णीबाई तेथूनच परत फिरल्या. "गुरुजी, वाचायला वेळ होत नाही हो," त्या मला म्हणाल्या, "पण त्या पानाला नाही म्हणवत नाही."

पत्र परत आले, की जाधवांना चैन पडत नसे. काळेवाडीच्या शिंद्यांची पत्रे परत येऊ लागली, तेव्हा हे गृहस्थ बस पकडून थेट त्यांच्या दारात उभे.

"तब्येत बरी हाय ना?"

शिंदे जेवत होते. "मला काय झालंय राव?"

"पत्र परत यायलंय तुमचं!"

शिंद्यांची ईमेलची पेटी तुडुंब भरली होती. तिच्यातील जाहिराती पुसून आणि वर ताक पिऊन जाधव घरी आले.

यंदा मंडळाने ठरविले, ईमेल आता उघडतो कोण? सर्वांना व्हॉट्सॲपवर न्यावे. जाधवांनी एका शब्दानेही विरोध केला नाही. सभासदांचे फोन क्रमांक त्यांनी स्वतः काढून दिले. त्यानंतर घंटा थांबली.

काही आठवड्यांनी मी त्यांच्याकडे गेलो. ते त्या पानासमोरच बसले होते. पान कोरे होते.

"आजचा श्लोक कोणता झाला, गुरुजी?"

"गटावर पाठविला आहे की."

"मी कुठं हाय गटावर?"

नव्या गटात गेले ते सभासद. आणि जाधव सभासद कधी नव्हतेच. इतकी वर्षे माझे एकही पत्र त्यांच्या नावे गेले नव्हते. त्यांना दिसे ते एवढेच, कोण आले आणि कोण गेले. नव्या गटात ते नाहीत, हे आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात आले नव्हते.

"अहो, मग स्वतःचे नाव का नाही घातले?"

"सगळे आत जाऊन बसल्यावर दारात कुणीतरी लागतंय की ओ." ते हसले. मग हसू ओसरले. "वाटलं होतं, एखादा तरी विचारंल, जाधव दिसंनात ते."

मी लगबगीने फोन काढला. त्यांनी माझा हात धरला.

"आता नको, गुरुजी. आठवण करून दिल्यावर घेतलं म्हणजे कसंतरीच होतंय. तुमचं सकाळचं श्लोक म्हणणं भिंतीतून येतंय मला ऐकू. शब्द लागत नाहीत, पण आवाज येतो. तेवढं बास."

पाठ पूर्वाभिमुख करावा, हा माझ्या गुरूंचा दंडक मी जन्मभर पाळला. आता मी पश्चिमेच्या, जाधवांकडच्या भिंतीकडे तोंड करून बसतो. श्लोक झाला, की अर्थही मी मोठ्याने सांगतो. सावकाश, शब्द लागतील असा. पलीकडून उत्तर येत नाही. मात्र मी आरंभ केला, की कोणीतरी खुर्ची भिंतीजवळ ओढून घेते.